स्पीकरचं पेटंट काढावं का? फी भरण्याआधीचा हिशोब



गणपतीच्या सुट्टीत गावी, माकणीला गेलो होतो. मंडप-साउंडचं काम करणाऱ्या एका मित्राने नवा बास बॉक्स बनवलाय. त्याने विचारलं, "तू पीएचडी करतोस ना? मग सांग, याचं पेटंट काढणं परवडेल का?" संशोधनात उतरलात की हा प्रश्न तुम्हालाही पडणार, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सरकारी फी बघू. एखाद्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीला ४,००० रुपये. पेटंट २० वर्षं चालतं. तिसऱ्या वर्षापासून ते टिकवायची फी सुरुवातीला वर्षाला ८०० रुपये, शेवटच्या पाच वर्षांत वर्षाला ८,००० रुपये. बेरीज ७२,८०० रुपये होते, पण मध्येच थांबायची मुभा असते. मसुदा लिहिणाऱ्या पेटंट एजंटचे पैसे वेगळे.

खरा खर्च मात्र पुढे आहे. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. अडवायचं काम सरकार करत नाही, तुम्हीच करायचं. उद्या उमरग्यात कुणी तसाच बॉक्स बनवला तर दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. समोरच्याने "हे पेटंटच रद्द करा" असा उलट दावा केला, की प्रकरण थेट उच्च न्यायालयात. एका बॉक्सच्या नफ्यात वकील परवडेल का?

मग पेटंट फायद्याचं कधी ठरतं? आपण मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतो. त्या भिंतीचा डॉल्बी कंपनीशी बहुधा काही संबंध नसतो. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती टेपवरची खरखर कमी करणाऱ्या तंत्रासाठी. घरगुती टेपरेकॉर्डर स्वतः बनवण्याऐवजी त्यांनी ते तंत्र बनवणाऱ्या कंपन्यांना लायसन्सवर दिलं. त्यांच्याकडे पैसे देणारं गिऱ्हाईक होतं, म्हणून पेटंटला किंमत आली. तुमच्या शोधासाठी लायसन्स घेईल अशा दोन-तीन कंपन्यांची नावं सांगता येतात का? येत नसतील तर घाई करू नका.

कायद्याची चाळणीही आहेच. माहीत असलेली उपकरणं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं काम करत राहिलं, तर कलम ३(फ) खाली ते शोध ठरत नाही. आवाज सुधारणारा नुसता अल्गोरिदम असेल तर कलम ३(क) आडवं येतं.

मित्राची अडचण वेगळीच निघाली. बॉक्सच्या आतली रचना दाखवणारा व्हिडिओ त्याने वर्षभरापूर्वीच यूट्यूबवर टाकला होता! अर्जाआधी शोध जगजाहीर झाला की नवेपणा संपतो. तुमचा पेपर, पोस्टर, प्रबंध, सगळ्याला हेच लागू. कायद्यात थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. आधी तात्पुरता अर्ज करा. पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. विद्यापीठात असाल तर आधी गाईडशी बोला. शोधाची मालकी संस्थेची असू शकते, मग खर्चही बऱ्याचदा संस्थाच करते.

त्या बॉक्सचं पेटंट आता विसर, असं मित्राला सांगावं लागलं. वाईट वाटलं. तो म्हणाला, "दुसरा बनवतोय." मी म्हटलं, "बनव, पण मोबाईल खिशात ठेव."