कोबाल्टमुक्त पेरोव्हस्काइट कॅथोड

कोबाल्टमुक्त पेरोव्हस्काइट कॅथोड हे घन ऑक्साइड इंधन घटाच्या हवेकडील अग्रासाठी वापरले जाणारे ऑक्साइड पदार्थ होत. त्यांची स्फटिकरचना पेरोव्हस्काइट या खनिजासारखी किंवा तिच्याशी निकटची असते आणि त्यांत कोबाल्टऐवजी मँगॅनीज, लोह, निकेल किंवा तांबे असते. कमी तापमानातही ऑक्सिजनची अभिक्रिया वेगाने घडवणे आणि तरीही घटाला तडे जाऊ न देणे, या दोन गरजांचा मेळ घालणे हा या पदार्थांवरील संशोधनाचा मुख्य प्रश्न आहे. नागपूर येथील विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात या वर्गातील पदार्थांवर संशोधन झाले आहे.

घटातील कार्य

घन ऑक्साइड इंधन घटात हायड्रोजन, नैसर्गिक वायू इत्यादी इंधनांची रासायनिक ऊर्जा ज्योतीवाचून थेट विजेत रूपांतरित होते. इंधनाकडे अ‍ॅनोड, हवेकडे कॅथोड आणि त्या दोहोंमध्ये विद्युत् अपघटनी, असे घटाचे तीन थर असतात. विद्युत् अपघटनी म्हणून बहुधा यिट्रियम मिसळलेला झिर्कोनिया वापरतात. कॅथोडवर हवेतील ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वीकारून ऑक्साइड आयन बनतो. हा आयन झिर्कोनियाच्या थरातून अ‍ॅनोडकडे जातो व तेथे हायड्रोजनशी संयोग पावून पाणी तयार होते. या क्रियेत मुक्त झालेले इलेक्ट्रॉन बाहेरील मंडलातून कॅथोडकडे परततात. हाच विद्युत् प्रवाह होय.

मराठीत कॅथोडला ‘ऋणाग्र’ म्हणतात. परंतु वीज पुरवणाऱ्या घटात कॅथोड हे धन टोक असते. गोंधळ टाळण्यासाठी या लेखात ‘कॅथोड’ हीच संज्ञा वापरली आहे.

पारंपरिक घट ८०० ते १,००० अंश सेल्सिअस तापमानात चालतात. ते ६०० ते ८०० अंशांवर आणल्यास जोडणीसाठी पोलाद वापरता येते आणि भागांची झीजही मंदावते. मात्र तापमान उतरताच कॅथोडवरील ऑक्सिजनची अभिक्रिया फार मंद होते.

स्फटिकरचना

पेरोव्हस्काइट हे कॅल्शियम टिटॅनेटचे खनिज उरल पर्वतात आढळले. १८३९ मध्ये गुस्टाफ रोझे यांनी त्याचे वर्णन केले व लेव्ह पेरोव्हस्की यांचे नाव त्याला दिले. या रचनेत दोन प्रकारचे धातू असतात. लहान धातूच्या आयनाभोवती सहा ऑक्सिजनांची अष्टफलकी चौकट असते, तर लँथॅनमसारखा मोठा आयन या चौकटींमधील पोकळीत बसतो.

लँथॅनमच्या तीन धन प्रभारांच्या जागी दोन धन प्रभारांचा स्ट्राँशियम घातल्यास प्रभाराचा तोल दोन प्रकारे साधला जातो. लहान धातूची संयुजा वाढते किंवा काही ऑक्सिजनांची स्थाने रिकामी राहतात. संयुजा वाढल्याने इलेक्ट्रॉनांचे वहन सुधारते, तर रिक्त स्थानांमुळे ऑक्साइड आयनांना वाट मिळते.

कोबाल्ट टाळण्याची कारणे

कोबाल्टयुक्त पेरोव्हस्काइटांत हे दोन्ही प्रकारचे वहन उत्तम होते. बेरियम, स्ट्राँशियम, कोबाल्ट व लोह यांच्या ऑक्साइडाच्या कॅथोडवरील झोंगपिंग शाओ व सोसिना हेल यांचा २००४ मधील निबंध या दृष्टीने विशेष गाजला. परंतु कोबाल्टयुक्त पदार्थ तापल्यावर जास्त प्रसरण पावतात. झिर्कोनियाचा रेषीय प्रसरणांक प्रत्येक अंशास सुमारे १०.५ दशलक्षांश आहे, तर कोबाल्टचे प्रमाण अधिक असलेल्या अनेक कॅथोडांचा सुमारे २० दशलक्षांश असतो. १० सेंटिमीटर लांबीची पट्टी ८०० अंशांनी तापवल्यास झिर्कोनिया सुमारे ०.८४ मिलिमीटर, तर असा कॅथोड सुमारे १.६ मिलिमीटर वाढेल. दोन्ही थर ठिसूळ असल्याने घट वारंवार तापवताना व निववताना कॅथोड सुटून येतो किंवा त्याला तडे जातात.

याशिवाय कोबाल्ट महाग आहे. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून अधिक एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते आणि विद्युत् घटमालांच्या उद्योगातूनही त्याला मोठी मागणी आहे.

प्रमुख पर्याय

मँगॅनाइट : लँथॅनम-स्ट्राँशियम मँगॅनाइट हा सर्वांत रुळलेला कोबाल्टमुक्त कॅथोड आहे. त्याचे प्रसरण झिर्कोनियाशी चांगले जुळते. पण त्यातून ऑक्साइड आयन फारसे वाहत नाहीत. त्यामुळे तो उच्च तापमानातच उपयुक्त ठरतो.

फेराइट : लोहयुक्त पेरोव्हस्काइटांत इलेक्ट्रॉन व आयन या दोहोंचे वहन होते. लोह स्वस्त व मुबलक आहे. लँथॅनम, निकेल व लोह यांचे मिश्र ऑक्साइडही याच हेतूने अभ्यासले जाते.

स्तरित ऑक्साइडे : निओडिमियम किंवा लँथॅनम यांची निकेल वा तांब्याबरोबरची ऑक्साइडे काटेकोर अर्थाने पेरोव्हस्काइट नसून तिच्याशी संबंधित स्तरित रचनेची असतात. निकेलेटांत थरांमधील जागेत जादा ऑक्सिजन सामावतो व तेथून तो सहज सरकतो.

नागपूरमधील संशोधन

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एस. एस. भोगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तरित ऑक्साइडांचा मध्यम तापमानाच्या घटांसाठी अभ्यास केला. निओडिमियम कुप्रेटमधील निओडिमियमचा काही अंश काढून तेथे सिरियम घातल्यास कॅथोडचे गुणधर्म कसे बदलतात, हा त्यातील एक विषय होता. हे पदार्थ ज्वलन पद्धतीने तयार करण्यात आले. या पद्धतीत धातूंच्या क्षारांचे विद्राव इंधनद्रव्याबरोबर तापवतात; मिश्रण स्वतःच पेट घेते व सूक्ष्म कणांची भुकटी उरते. कण जितके बारीक, तितका ऑक्सिजनच्या अभिक्रियेसाठी उपलब्ध पृष्ठभाग अधिक. हा कुप्रेट गॅडोलिनियम मिसळलेल्या सिरियाबरोबर एकत्र करून संमिश्र कॅथोडही अभ्यासण्यात आला. अशा संमिश्रात सिरिया आयनांच्या वहनाची उणीव भरून काढतो.

मँगॅनाइट कॅथोडांतील मँगॅनीजचे धातुक नागपूर व भंडारा जिल्ह्यांत सापडते आणि ते काढणाऱ्या ‘मॉइल’ या सार्वजनिक कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. मात्र कॅथोडसाठी धातुक जसेच्या तसे वापरता येत नाही. त्यापासून अतिशुद्ध संयुगे तयार करावी लागतात.

मर्यादा

कोबाल्ट वगळल्याने सर्व अडचणी सुटत नाहीत. बेरियम व स्ट्राँशियम यांचे प्रमाण अधिक असल्यास हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाशी अभिक्रिया होऊन पृष्ठभागावर कार्बोनेट साचते. पोलादी जोडभागांतून बाहेर पडणारी क्रोमियमची बाष्पे कॅथोड निकामी करतात. उच्च तापमानात लँथॅनम व झिर्कोनिया यांच्यात अभिक्रिया होऊन वीजरोधक थर तयार होऊ शकतो. तो टाळण्यासाठी दोहोंमध्ये सिरियाचा पातळ थर देतात. म्हणून नव्या कॅथोडची पारख केवळ सुरुवातीच्या विद्युत् शक्तीवरून न करता, हजारो तासांच्या वापरानंतर आणि वारंवार तापवण्या-निववण्यानंतर ती किती टिकते यावरूनही करावी लागते.