मृत्पात्रांच्या झिलईतील फ्लोराइडयुक्त घटक : कार्य, दोष आणि पर्याय

बीजसंज्ञा : झिलई, अभिवाह, फ्लोरस्पार, क्रायोलाइट, हायड्रोजन फ्लोराइड

१. प्रस्तावना
फ्लोराइड म्हटले की आपल्याला दूषित भूजल आणि त्यामुळे होणारे दातांचे व हाडांचे विकार आठवतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड भारतीय मानकास मान्य नाही. मात्र मृत्पात्रे भाजण्याच्या भट्टीतून हेच द्रव्य वायुरूपाने बाहेर पडू शकते, याकडे सहसा लक्ष जात नाही. झिलईतील फ्लोराइडाचे कार्य कोणते आणि त्याची खरोखर गरज आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. अभिवाह म्हणून कार्य
झिलई म्हणजे पात्रावर वितळून बसलेला काचेचा पातळ थर होय. सिलिका काच घडविते, ॲल्युमिना ती ओघळू देत नाही आणि अभिवाह तिचा वितळणबिंदू खाली आणतो. फ्लोरस्पार (कॅल्शियम फ्लोराइड) आणि क्रायोलाइट (सोडियम व ॲल्युमिनियम यांचे फ्लोराइड) ही प्रभावी अभिवाह खनिजे आहेत. धातू गाळताना फ्लोरस्पार वापरण्याची प्रथा युरोपात सोळाव्या शतकातही होती. ‘वाहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरूनच त्याचे नाव आले. भारतात गुजरातमधील अंबाडुंगर येथे त्याचे साठे आहेत. फ्लोरीन सिलिकेच्या जाळीतील बंध तोडते. त्यामुळे वितळलेली झिलई पातळ होते. काही फ्लोराइड थरातच राहून सूक्ष्म स्फटिकांच्या रूपाने वेगळे झाले, तर झिलईस दुधी अपारदर्शकता येते.

३. भट्टीतील रासायनिक क्रिया
फ्लोरस्पारच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग फ्लोरीनचा असतो, तर क्रायोलाइटमध्ये तो निम्म्याहून अधिक असतो. भाजणीत त्याचा बराचसा अंश दोन मार्गांनी निसटतो. वाफेशी संयोग झाल्यास हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. सिलिकेशी झाल्यास सिलिकॉन टेट्राफ्लोराइड. दुसऱ्या क्रियेत १५६ भाग फ्लोरस्पार ६० भाग सिलिका सोबत घेऊन जाते. परिणामी कागदावर मांडलेले झिलईचे सूत्र आणि पात्रावर उरलेली झिलई यांत तफावत पडते. झिलई घट्ट होत असताना वायूचे बुडबुडे फुटले की पृष्ठभागावर खड्डे व टाचणीएवढी छिद्रे राहतात. काही कलावंत या खडबडीत पोतासाठीच फ्लोराइड मुद्दाम वापरतात.

४. आरोग्याचा प्रश्न
हायड्रोजन फ्लोराइड काच कोरतो, तसाच तो डोळे, त्वचा व फुप्फुसे यांनाही इजा करतो. शरीरात शिरलेले फ्लोराइड रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते. गंभीर विषबाधा प्राणघातक ठरू शकते. धुळीसाठीचा कापडी मुखपट्टा या वायूस रोखू शकत नाही. वर्गालगतच्या बंदिस्त खोलीत भट्टी असेल, तर धोका विद्यार्थी, शिक्षक आणि भट्टी सांभाळणारा कर्मचारी या सर्वांनाच आहे. भट्टीचे अस्तर, विद्युत तारा व खिडकीच्या काचाही यामुळे झिजतात. काही मातींतही मुळात थोडे फ्लोराइड असते. म्हणून विटा व फरशांच्या अनेक कारखान्यांत धूर चुनखडीच्या थरातून नेतात. तेथे हायड्रोजन फ्लोराइडाचे पुन्हा कॅल्शियम फ्लोराइड बनते.

५. पर्याय
फ्लोरीन निघून गेल्यावर फ्लोरस्पारमधून झिलईस मिळतो तो केवळ चुना. ७८ भाग फ्लोरस्पारपासून ५६ भाग चुना मिळतो. तेवढाच चुना १०० भाग शुद्ध खडूच्या भुकटीतून किंवा ११६ भाग वोलॅस्टोनाइटमधून मिळतो. वोलॅस्टोनाइट राजस्थानात सापडते. ते वापरल्यास त्यासोबत येणारी ६० भाग सिलिका कृतीतून वजा करावी. क्रायोलाइटऐवजी सोडा फेल्स्पार आणि सोडियमयुक्त फ्रिट वापरता येते. मात्र अदलाबदलीनंतर वितळण्याचे तापमान किंचित वाढू शकते. म्हणून प्रथम लहान फरशीवर चाचणी घ्यावी. खडबडीत पोत हवा असल्यास अल्प प्रमाणात सिलिकॉन कार्बाइड वापरतात. तथापि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघू शकत असल्याने वायुवीजन तेव्हाही अनिवार्य आहे.

६. समारोप
फ्लोराइडयुक्त घटकांचे काही दृश्य परिणाम आकर्षक असले, तरी नित्याच्या झिलईस त्यांची अपरिहार्यता नाही. जुन्या पुस्तकातील कृती प्रात्यक्षिकासाठी निवडताना तिच्यात फ्लोरस्पार वा क्रायोलाइट आहे का, हे प्रथम पाहावे. असल्यास पर्याय योजावा. ते शक्य नसेल तर धूर थेट इमारतीबाहेर नेणारी व्यवस्था झाल्याविना भट्टी पेटवू नये. कलाशाखा व रसायनशास्त्र विभाग यांनी या कृती एकत्र तपासल्यास अभ्यासही होईल आणि विद्यार्थ्यांचे रक्षणही.