पाण्यावरचं आमिष आणि ढिली दोरी

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? ठीक, सुरू करू या.

आजचा विषय आहे बास मासा, आणि त्यातही एकच गोष्ट. पाण्याच्या पृष्ठभागावर चालवायची जी खोटी आमिषं असतात, ज्यांना अमेरिकेत टॉपवॉटर म्हणतात, ती निवडायची कशी आणि दोरीला बांधायची कशी.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे हॉटेलात 'सी बास' म्हणून जो देतात तो बहुतेक वेळा जिताडा असतो. तो खाडीचा मासा, त्याचा आजच्या पाहुण्याशी संबंध नाही. आजचा बास म्हणजे लार्जमाउथ बास, रुंद जबड्याचा. मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, गोड्या पाण्यातला. तुमच्यापैकी जे न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये राहतात, त्यांच्या वसाहतीमागच्या तळ्यातसुद्धा तो असू शकतो. म्हणूनच इतके जण नव्याने या छंदाकडे वळतात. दुकानात जातात, सुंदर रंगवलेलं महागडं आमिष घेतात, दोन रविवार रिकाम्या हाताने येतात, आणि 'हे काही खरं नाही' म्हणून परत जिवंत गांडुळाकडे वळतात. बहुतेक वेळा दोष आमिषाचा नसतो. दोष असतो त्यामागच्या दोरीचा. ती फार ताणलेली असते किंवा चुकीच्या जातीची असते.

आता हे का, ते समजून घेऊ. बास भक्ष्याला चावत नाही, तो त्याला ओढून घेतो. तोंड एकदम उघडतो, कल्ले फाकतात, आणि तोंडात पाण्याचा लोंढा शिरतो. त्या लोंढ्याबरोबर भक्ष्य आत जातं. हे पाण्याखाली छान जमतं. पण पृष्ठभागावर त्याच्या तोंडात पाण्याबरोबर हवाही शिरते, आणि ओढ कमी पडते. त्यात तुमची दोरी ताणलेली असेल तर आमिष जागचं हलतच नाही. पाणी उसळतं, आवाज होतो, आणि मासा तोंड मिटून निघून जातो. आपण म्हणतो, चुकला! तो चुकलेला नसतो, आपण घास त्याच्या तोंडाबाहेर धरून ठेवलेला असतो.

म्हणजे दोरीत थोडा ढिलेपणा हवा. हीच गोष्ट आमिष चालवतानाही लागते, आणि इथे झारा स्पूकचं उदाहरण घेऊ. मिशिगन राज्यात डोवाजिअॅक नावाचं गाव आहे. तिथे जेम्स हेडन नावाचे गृहस्थ होते. असं सांगतात की तळ्याकाठी बसून चाकूने लाकूड तासता तासता त्यांनी तो तुकडा पाण्यात फेकला आणि त्यावर बासने झडप घातली. दंतकथा म्हणून ऐका हवं तर. पण त्यांच्या नावाची कंपनी खरी, आणि तिचा झारा स्पूक आजही विकला जातो. दिसायला अगदीच साधा. साडेचार इंची चिरूट म्हणा ना! ओठ नाही, पंखा नाही, शेपटीकडे जरा जड. स्वतःहून तो काहीच करत नाही, नुसता तरंगतो.

पण रॉडचं टोक खाली धरून एक छोटा झटका दिला आणि लगेच दोरी सैल सोडली, की त्याचं नाक एका बाजूला वळतं आणि तो घसरत जातो. आता दोरी त्याच्या नाकाला तिरकी लागलेली असते, त्यामुळे पुढचा झटका त्याला उलट बाजूला वळवतो. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. अमेरिकन याला 'कुत्रा फिरवणं' म्हणतात, कारण साखळीला बांधलेला कुत्रा असाच नाक खुपसत इकडून तिकडे जातो. झटक्यानंतर दोरी ताणलेली राहिली तर नाक सरळ तुमच्याकडे ओढलं जातं आणि आमिष काटकीसारखं सरपटत येतं. रीळ फिरवायचं ते फक्त सैल झालेल्या दोरीतली थोडी गोळा करण्यापुरतं. सगळी गोळा करायची नाही.

आता दोरी. तीन जाती आहेत. साधी नायलॉनची, म्हणजे कोकणात ज्याला तंगूस म्हणतात ती, दुकानात मोनो. दुसरी फ्लुरोकार्बन. तिसरी बारीक धाग्यांची वेणी घातलेली, ब्रेडेड. पाण्याची घनता 1 धरली तर फ्लुरोकार्बनची साधारण 1.78 येते. म्हणजे ती बुडते, आणि बुडताना आमिषाचं नाक खाली खेचते. स्पूकसारख्या आमिषाला ती अजिबात नको. आणि गंमत अशी की नवखा बऱ्याचदा नेमकी तीच विकत घेतो, कारण ती 'अदृश्य' म्हणून खपते. पृष्ठभागावर अदृश्यतेला फारसं महत्त्व नाही. नायलॉन 1.14 च्या आसपास, पाण्यापेक्षा किंचित जड, पण इतक्या सावकाश बुडते की व्यवहारात वरच राहते. शिवाय ती थोडी ताणते, त्यामुळे आपण घाई केली तरी जराशी माफी मिळते. वेणीची दोरी खरोखरच तरंगते. पण ती सुतासारखी लुळी असते, सैल सोडली की पुढच्या गळात अडकते. त्यावर उपाय असा: वेणीच्या दोरीला पुढे दीड-दोन फूट नायलॉनचा तुकडा जोडायचा. डबल युनी गाठ त्यासाठी पुरते. नायलॉन जरा ताठ असल्याने गळाभोवती गुंडाळत नाही.

गाठ कुठली मारायची? आमिषाच्या नाकाला किल्ल्यांच्या जुडग्यासारखी दुहेरी कडी असेल तर तिला कुठलीही घट्ट गाठ चालते, कारण हालचाल कडीत होते. कडी नसेल तर घट्ट गाठ मारू नका. पुढे छोटा फास उरतो अशी गाठ मारा, म्हणजे नाक मोकळं राहतं. मोठी जाड पिन लावून आमिष बदलायची सोय करतात, ते मला पसंत नाही. नाकावर विनाकारण वजन येतं.

आता निवड. लोक रंगापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, आधी पाणी बघा. उघडं, संथ पाणी असेल तर स्पूक किंवा पॉपर. पॉपरच्या तोंडाला वाटीसारखा खळगा असतो. झटका दिला की 'गुडुप' असा आवाज येतो आणि पाणी पुढे उडतं. स्पूक लांब पल्ला झाडून काढायला चांगला, तर पॉपर एकाच जागी, बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी किंवा धक्क्याच्या सावलीत, वेळ काढायला चांगला. हुला पॉपर आणि जिटरबग ही नावं ऐकाल, ती फ्रेड अर्बोगास्टची, ओहायोतल्या अॅक्रनची. अॅक्रन म्हणजे टायरचं शहर, आणि हुला पॉपरच्या शेपटीला रबराचा झगा आहे. जिटरबगच्या तोंडावर धातूची रुंद पट्टी असते. त्याला झटके नकोत, एकसारखं हळू ओढायचं, तो डुलत डुलत ठेका धरतो. रात्री मासा आवाजाने आणि अंगावरच्या संवेदनरेषेने माग काढतो, तेव्हा हा न चुकणारा ठेका फार उपयोगी पडतो.

पाण्यावर लाटा असतील तर मोठं, आवाजी आमिष. पाणी आरशासारखं असेल तर लहान आणि कमी बोलणारं. पाणी साधारण 60 फॅरनहाइटच्या, म्हणजे 15-16 सेल्सियसच्या वर गेलं की हे सगळं रंगात येतं. पहाट आणि संध्याकाळ उत्तम, ढगाळ दिवस असेल तर दुपारसुद्धा.

रंगाबद्दल एवढंच: मासा खालून बघतो. पाण्यातून वर पाहताना बाहेरचं जग त्याला साधारण 97 अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं, त्या खिडकीबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो. म्हणजे तुम्ही ज्यावर भाळून पैसे मोजले ती पाठीवरची नक्षी त्याला जवळजवळ दिसतच नाही. पोट बघून घ्या. दिवसा पांढरं किंवा हाडाच्या रंगाचं. अंधारात काळं, कारण उजळ आकाशापुढे काळी आकृती ठळक उठते.

कमळाची पानं, शेवाळ, गवत असेल तर वरचं काहीच चालणार नाही, तिथे पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो पानांवरून अडकल्याशिवाय सरकतो. माशाने दाबला की अंग चेपतं आणि गळ उघडे पडतात. इथे मात्र 50 ते 65 पौंडी वेणीची दोरी थेट बांधा आणि जाड, ताठ रॉड घ्या. मासा गवतात शिरला तर गवतासकट ओढावा लागतो. नवा बेडूक घेतलात तर त्याचे झुपकेदार पाय थोडे कापा, उघड्या जागी डावी-उजवीकडे वळायला सोपा जातो. आणि मधूनमधून पिळून आतलं पाणी काढा. आपल्याकडे मरळीसाठी हाच बेडूक वापरतात, तेव्हा ज्यांना गावी जाऊन गरवायचं आहे त्यांनी बॅगेत टाकायला हरकत नाही.

गळांबद्दल जरा सावध करतो. बऱ्याच आमिषांना तीन टोकांचे दोन गळ असतात. म्हणजे सहा टोकं. मासा आमिष सोडतो, आपण जोरात रॉड ओढलेला असतो, आणि ती सहा टोकं थेट चेहऱ्याकडे येतात. चष्मा घालाच, आणि सोबत मूल असेल तर त्यालाही घाला. गळाच्या टोकामागचा काटा पक्कडीने चेपून टाका. दोरी ताणलेली ठेवलीत तर मासा सहसा सुटत नाही, पण त्याच्या जबड्यातून किंवा तुमच्या बोटातून गळ सहज निघतो. मासा परत सोडणार असाल तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण दुसरा गळ बऱ्याचदा डोळ्याशी किंवा कल्ल्याशी रुतलेला असतो. गळ बदलताना आकार तोच ठेवा. मागे जड गळ लावला की शेपूट बुडते आणि चाल बदलते.

आणि आता तो क्षण. पाणी उसळलं. काय करायचं? काही नाही. माशाचं वजन हाताला लागेपर्यंत आमिष चालवत राहायचं, मग ओढायचं. ऐकायला सोपं आहे, पण हात ऐकत नाही. डोळ्यांनी बघून ओढायचं नाही, हाताला कळल्यावर ओढायचं. मासा खरंच चुकला असेल तर चालत्या आमिषावर तो पुन्हा येतो, उडून गेलेल्यावर कसा येणार?

प्रश्न घेऊ. हां, बझबेटबद्दल. तो तारेचा असतो, पुढे फिरणारं पातं, मागे एकच गळ. तो तरंगत नाही. पाण्याला टेकायच्या आत रीळ फिरवायला सुरुवात करावी लागते, नाहीतर तळाशी. त्यात ढिलाई ठेवता येत नाही, म्हणून मासे जास्त हुकतात, आणि म्हणून त्याच्या गळावर मागे आणखी एक गळ ओवतात.

दुसरा प्रश्न, परवाना. लागतो. राज्याचा असतो, बहुतेक राज्यांत 16 वर्षांपासून पुढे, ऑनलाइन मिळतो.

आणि शेवटचा, बास आपल्याकडच्या धरणात आणून सोडला तर? कृपा करून नको. जपानमध्ये बिवा सरोवर आहे. 2009 मध्ये तिथे पकडलेल्या बासने जॉर्जियातल्या 1932 च्या विक्रमाची बरोबरी केली, 22 पौंडांहून जास्त. त्याच बिवाच्या काठावर, शिगा प्रांतात, पकडलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे, कारण तो तिथला नाही आणि तिथले मासे खातो. उजनीत चिलापीने केवढी जागा व्यापली ते भिगवणच्या बाजारात जाऊन बघा. बास त्याच्यापेक्षा कितीतरी खादाड आहे.