शाश्वतता व्यवस्थापन : काम आणि शिक्षण

एखाद्या उद्योगाचा पर्यावरणावर आणि समाजावर होणारा परिणाम मोजणे, तो सुधारणे आणि त्याचा हिशेब जाहीर करणे, हे शाश्वतता व्यवस्थापकाचे काम. भारतात या कामाची मागणी वाढण्यामागे भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमांचा मोठा वाटा आहे. सेबीने २०२१ मध्ये ‘बीआरएसआर’ (व्यावसायिक जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल) हा अहवाल आणला आणि २०२२-२३ पासून तो बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बंधनकारक केला.

या अहवालासाठी ऊर्जा, पाणी, कचरा, कामगारांची सुरक्षितता यांची आकडेवारी लागते. हरितवायूंच्या उत्सर्जनाचे तीन गट करतात : कंपनीने स्वतः जाळलेल्या इंधनाचे, विकत घेतलेल्या विजेमागचे आणि पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतच्या साखळीतले. तिसऱ्या गटाची माहिती बाहेरच्या अनेकांकडून मिळवावी लागत असल्याने तो मोजायला सर्वांत अवघड.

या क्षेत्रात अभियांत्रिकी, वाणिज्य, पर्यावरणशास्त्र, कायदा अशा कोणत्याही शाखेतून येता येते. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत शाश्वतता व्यवस्थापनाचे एमबीए आहे. नोकरी कंपन्या, सल्लागार संस्था, बँका आणि लेखापरीक्षण संस्थांमध्ये मिळते.

शिकवताना केवळ व्याख्यानांवर भागत नाही. साखर कारखान्याचे उदाहरण घेतले, तर विद्यार्थ्यांना बगॅसपासून (उसाच्या चिपाडापासून) वीज, सांडपाणी, मळी, ऊसवाहतूक आणि तोडणी कामगारांची स्थिती यांचा एकत्र विचार करावा लागतो. आकडा कुठून आला, तो कसा तपासला आणि त्यावरून कोणता निर्णय घ्यायचा, हे सांगता येणे ही या शिक्षणाची खरी कसोटी.