पदवीआधीचे शेवटचे लिखाण

अमेरिकेत फिजिओथेरपीचे शिक्षण देणाऱ्या संस्थांना २०१६ पासून ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ हीच पदवी द्यावी लागते. हा अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांचा. पुष्कळ ठिकाणी त्याच्या शेवटी एक लेखी प्रकल्प असतो. रुग्णाचे हातपाय चालते करणाऱ्याला लिखाण कशाला, असे कोणीही विचारील.

समजा, रुग्णाला अर्धांगवायू झाला आहे. दहा मीटर चालायला त्याला किती सेकंद लागतात, हे विद्यार्थ्याने घड्याळ लावून मोजायचे. कोणता व्यायाम किती वेळा दिला ते रोज नोंदवायचे आणि शेवटी पुन्हा मोजायचे. रुग्णाची संमती घ्यायची, नाव मात्र छापायचे नाही. इतरांचे संशोधन वाचून आपली नोंद ताडून पाहायची. याला ‘केस रिपोर्ट’ म्हणतात.

सर्वांत अवघड वाक्य शेवटी येते. एका रुग्णाला गुण आला, तो आपल्याच उपचाराने आला असे ठामपणे म्हणता येत नाही. कारण पहिल्या काही महिन्यांत शरीर आपणहूनही सावरते. हे प्रामाणिकपणे लिहिणारा पुढच्या रुग्णाला खोटी आशा दाखवीत नाही.

आपल्याकडेही फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंध असतो. तेव्हा पालकांनो, मुलगी रात्री कागद घेऊन बसली तर “अजून संपले नाही का?” असे विचारू नका. टीव्हीचा आवाज कमी करा, तिला घरातला एक कोपरा द्या. आणि विद्यार्थ्यांनो, आजची नोंद आजच लिहा. उद्यावर टाकलेला आकडा आठवणीने भरावा लागतो, आणि तेथेच चूक शिरते.