पाटीवर चाळीस पदार्थ, ताटात तेच ते

जूनमध्ये एक शिक्षिका तपासणीसाठी आल्या. वय चव्वेचाळीस, मधुमेहाचं निदान होऊन तीन वर्षं झालेली. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी मागच्या खेपेला ७.१ होती, या वेळी ८.४ आली. गोळ्या वेळेवर, चालणं बऱ्यापैकी, चहा बिनसाखरेचा. मग बिघडलं कुठं? विचारता विचारता शनिवार-रविवारवर गाडी आली. मुलगा पुण्यात शिकायला आहे. दर आठवड्याला त्या त्याला भेटायला जातात. भेटायची जागा मॉल, आणि दोन्ही दिवसांचं जेवणही तिथंच.

‘बाई, तिथं जरा बघून खात जा,’ मी सवयीनं म्हणालो.

‘बघते की सर. पण निवडायला तिथं दुसरं असतं काय?’

मला पटकन उत्तर देता आलं नाही. पुढच्या रविवारी पुतणीबरोबर एका मॉलच्या फूड कोर्टात गेलो, तेव्हा हा प्रश्न डोक्यात होता. बिलाच्या मागच्या बाजूला तिथल्या पाट्या उतरवून काढायला लागलो. (पुतणी थोडी अवघडली.) आठ काउंटर, त्यांवर चाळीसच्या वर पदार्थ. बर्गर, पिझ्झा, रॅप, सँडविच, गार्लिक ब्रेड, फ्राइज, नगेट्स. मग नावांऐवजी ते कशाचे बनले आहेत ते लिहिलं, तर यादी एका ओळीत मावली: मैदा, बटाटा, तेल, चीज, मेयोनेज, चिकन किंवा पनीर आणि साखरेचं पाणी. भाजी म्हणावी तर कांद्याची चकती आणि लेट्यूसचं एखादं पान. डाळ, उसळ, ज्वारी, बाजरी, पालेभाजी, ताक यांतलं काही नाही. एका काउंटरवर इडली होती, ती संपली होती.

म्हणजे नावं चाळीस, अन्न एकच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत दिवसभरात किमान आठ अन्नगटांतून खावं असं सांगितलं आहे. माझ्या यादीतून ओढूनताणून चार-पाच गट निघाले.

हे एकाएकी घडलेलं नाही. केएफसीचं भारतातलं पहिलं दुकान १९९५ मध्ये बंगळूरला निघालं. डॉमिनोज १९९६ च्या जानेवारीत दिल्लीत आलं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मॅकडोनाल्ड्सनं दिल्लीत आणि आपल्याकडे वांद्र्याला दार उघडलं. मी तेव्हा निवासी डॉक्टर होतो. आम्ही मित्र रांग लावून खाऊन आलो होतो, आणि मजा आली होती हे कबूल करतो. त्या काळी या दुकानांनी आपली निवड वाढवलीच. वडापाव, मिसळ, इराण्याचा ब्रून मस्का, उडप्याचा डोसा, त्यात आणखी एक बर्गर.

पण एक वाढला आणि बाकीचे कमी होत गेले. मॉलचं भाडं एकट्यादुकट्या खानावळवाल्याला परवडत नाही. साखळीचं एक दुकान तोट्यात गेलं तरी बाकीची त्याला सांभाळून घेतात. तिचा माल एकाच ठिकाणी कापून, तळून, गोठवून येतो, त्यामुळे हाताखाली आचारी लागत नाही, आठ दिवसांत शिकलेला मुलगा पुरतो. थालीपीठ गोठवून पाठवता येत नाही अशातला भाग नाही, पण त्यासाठी इतका मोठा कारखाना अजून कुणी उभारलेला नाही. शिवाय शेजारशेजारची वेगळी दिसणारी दुकानं पुष्कळदा एकाच मालकाची असतात. केएफसी आणि पिझ्झा हट हे मुळात यम या एकाच अमेरिकी कंपनीचे ब्रँड. भारतात दोन्ही चालवणारी देवयानी इंटरनॅशनल ही कंपनी कोस्टा कॉफीही चालवते. घरी मागवावं म्हटलं तर अन्न पोहोचवणाऱ्या कंपन्या मुख्यतः दोन. मल्टिप्लेक्समध्ये तर डबाही नेता येत नाही. बाहेरचे पदार्थ रोखण्याचा हक्क चित्रपटगृहाच्या मालकाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यावं लागतं, आणि तान्ह्या मुलाचं खाणं नेता येतं.

आता शरीराकडे येऊ. एका प्रकारचं खाऊन कंटाळा आला की आपण थांबतो. चार पोळ्यांनंतर पाचवी नको वाटते, पण तेवढ्यात श्रीखंड आलं तर पोटात जागा होते. लग्नाच्या पंगतीत हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. शास्त्रज्ञ याला चवीपुरती तृप्ती म्हणतात: त्या चवीचं समाधान झालेलं असतं, भुकेचं नव्हे. पूर्वी ही सोय आपल्या फायद्याची होती. चव बदलली की बहुधा अन्नही बदलायचं, आणि वेगवेगळी पोषकं पोटात जायची. साखळ्यांच्या पाटीवर मात्र चव बदलते, रंग बदलतो, सॉस बदलतो, आत मैदा आणि तेल तेच राहतं. जीभ समजते की आपण विविध खातोय आणि आणखी मागते. शरीराला विविधतेतलं काहीच मिळत नाही, फक्त उष्मांक वाढतात.

ते किती वाढतात याचा एक चांगला प्रयोग अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस माणसांना महिनाभर रुग्णालयातच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं, घरच्यासारखं शिजवलेलं. दोन्ही ताटांत वाढलेले उष्मांक, साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू सारखे ठेवले आणि सांगितलं, हवं तेवढं खा. प्रक्रियायुक्त आहारावर ती माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलोनं वाढलं, आणि साध्या आहारावर तेवढंच उतरलं. प्रयोग लहान आहे, हे खरं. पण ५०० उष्मांक म्हणजे जवळजवळ एक जास्तीचं जेवण, आणि ते आपण जेवलो हे त्या माणसांना जाणवलंही नाही. मऊ अन्न भराभर गिळलं जातं आणि मेंदूला ‘पुरे’ कळायला वेळ लागतो, हे त्यामागचं एक कारण दिसतं.

त्यात कॉम्बो. बर्गर एकटा घेतला तर महाग वाटतो, थोडे पैसे टाकले की फ्राइज आणि कोला येतो. नको असलेलं घेणं हाच शहाणपणा ठरतो. ३०० मिलिलिटर साध्या कोलात साधारण ३० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. माझ्या शिक्षिकाबाई डाएट कोला घेत होत्या. त्यांची साखर वाढवत होते पिझ्झ्याचा मैदा आणि बटाटा.

वडापावाची बाजू घेऊन मी बोलतोय असं कुणाला वाटेल, म्हणून स्पष्ट सांगतो: तोही मैद्याचा पाव आणि तळलेला बटाटाच आहे. गाडीवरचं पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल आणि उघडं पाणी यांचे रुग्ण पावसाळ्यात आमच्या वॉर्डात असतात. स्वच्छतेत साखळ्या पुष्कळ पुढे आहेत. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या साखळ्यांना पदार्थांचे उष्मांक पाटीवर लिहावे लागतात. तो नियम जुलै २०२२ पासून लागू आहे. गाडीवाल्याला तो नाही. पाटीवर ते आकडे बारीक अक्षरांत असतात, पण असतात. वाचा.

मला जास्त काळजी लहान मुलांची वाटते. चव ही शिकण्याची गोष्ट आहे. मेथी किंवा कारलं पहिल्यांदा मूल थुंकूनच टाकतं. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा पुढ्यात आलं की मग ते खायला लागतं. बाहेर खाणं वर्षातून चारदा होतं तेव्हा घर हे शिकवायचं. आता अनेक घरांत बाहेरचं आठवड्यातून तीन-चारदा येतं, तेही त्याच खारट-गोड-मऊ चवीचं. अशा मुलाला भाजी आवडत नाही असं नाही, त्याला ती आवडायची संधीच मिळालेली नाही. आमच्याकडे तेरा-चौदा वर्षांची यकृतात चरबी साठलेली मुलं येतात. मी शिकत असताना हे निदान या वयात मी पाहिलेलं आठवत नाही. भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि साडेतेरा कोटींहून अधिक मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसं आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनं सांगितलं. त्याला कारणं अनेक आहेत, सगळं खापर बर्गरवर फोडता येणार नाही.

रुग्णांचे नातेवाईक दुपारी शिवभोजन थाळी जेवताना मी पाहिले आहेत. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी ही योजना सुरू झाली तेव्हा दहा रुपयांत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात असं तिचं स्वरूप ठरलं. ती आदर्श थाळी नाही, भात जास्त आणि भाजी पातळ असते. तरी डाळ आणि भाजी रोज पोटात जाते, आणि मॉलमध्ये तीनशे रुपये मोजून तीही मिळत नाही.

परवा शिक्षिकाबाई औषधं न्यायला आल्या होत्या. मॉलच्या मागे दोन गल्ल्या सोडून त्यांना एक खानावळ सापडली आहे. ज्वारीची भाकरी, एक उसळ, एक पालेभाजी, मागितलं तर ताक. मुलगा दोन आठवडे रुसला होता. शेवटी तडजोड झाली, महिन्यातला एक रविवार पिझ्झ्याचा. ‘त्या दिवशी मी काय खाऊ?’ त्यांनी विचारलं. एक तुकडा खा म्हटलं, आधी घरून काकडी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे खाऊन जा. सप्टेंबरात पुन्हा एचबीए१सी करायची आहे.