दूध टाकणारे मूल

तान्ह्या मुलाने अंगावर पिऊन अर्धी घटका होते न होते तोच घोटभर दूध त्याच्या गालावरून ओघळावे आणि घरातील मंडळींची धांदल उडावी, हा प्रकार ज्या घरात कधी घडला नाही असे घर विरळाच. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी मीठमोहऱ्या उतरून टाकते, कोणी आईच्या खाण्यावर ठपका ठेवून तिच्या ताटातला एकेक पदार्थ कमी करते. शेवटी एखादे वडीलधारे माणूस निवाडा देते : "आईचे दूध याला पचत नाही, वरचे दूध सुरू करा." नाशिकच्या जुन्या वाड्यांतून हा निवाडा ऐकू येतो, तसाच गंगापूर रोडवरच्या नव्या सदनिकांतूनही. त्यापायी कित्येक सुदृढ मुलांचे आईचे दूध विनाकारण तुटते. म्हणून त्याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

अन्ननलिका जठरास जेथे मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. घास खाली उतरताना ते सैल होते आणि एरवी आवळलेले राहते. तान्ह्या मुलात हे कडे वेळी-अवेळी सैल पडते. त्यात जठर लहान, आहार सर्वस्वी पातळ आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवे राहण्यात जाणारा. तेव्हा भरलेल्या तांब्यातून चालताना पाणी हिंदकळावे तसे दूध वर येते, आणि त्याबरोबर जठरातले थोडे आम्लही येते. शिकागो येथील बालरोगतज्ज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पहिल्या तीन महिन्यांतील निरोगी मुलांपैकी निम्मी मुले दिवसातून एकदा तरी दूध टाकीत असल्याचे आढळले. चौथ्या महिन्यात हे प्रमाण शेकडा ६७ वर गेले, आणि दहाव्या ते बाराव्या महिन्यांत ते शेकडा ५ इतके उतरले. मूल बसू लागते, घट्ट अन्न खाऊ लागते, ते कडेही बळकट होते आणि तक्रार आपोआप मावळते.

मग मूल निरोगी आहे हे ओळखावे कसे? भिजलेल्या दुपट्यावरून अंदाज बांधणे फसवे असते. चमचाभर दूधही कापडावर पसरले म्हणजे वाटीभर भासते. खरा साक्षीदार वजनाचा काटा होय. मूल पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत जन्मवजनाच्या सुमारे दुप्पट आणि वर्षाअखेर सुमारे तिप्पट होते. अंगणवाडीत किंवा आरोग्यकेंद्रात दरमहा वजन करून ते माता-बाल संरक्षण कार्डावरील आलेखात मांडावे. आलेख चढता असेल, मूल हसत-खेळत असेल आणि दिवसातून सहा-सात लंगोट ओले करीत असेल, तर त्याने कितीही दुपटी भिजवली तरी औषधाची गरज नाही.

गरज आहे ती पाजण्याच्या रीतीकडे लक्ष देण्याची. मूल भुकेने रडून लाल होण्यापूर्वीच त्याला घ्यावे; रडणारे मूल दुधाबरोबर हवाही गिळते. पाजताना त्याचे डोके पोटापेक्षा उंच असावे आणि तोंडात केवळ बोंडशी न जाता भोवतालचा काळसर भागही जावा. मध्ये एकदा व शेवटी एकदा खांद्याशी धरून ढेकर काढावी. त्यानंतर वीस-तीस मिनिटे त्याला उभे धरावे. हे काम वडिलांनी किंवा आजोबांनी पत्करले तर बाळंतिणीस तेवढीच विश्रांती मिळते. पाजल्याबरोबर लंगोट बदलणे किंवा पोट दाबले जाईल असे धरणे टाळावे. ज्या मुलास काही कारणाने वरचे दूध द्यावे लागते, त्याच्या बाबतीत दोष बहुधा मापाचा असतो. उरलेले दूध वाया जाऊ नये म्हणून ते मुलाच्या गळी उतरवू नये. थोडे थोडे, पण अधिक वेळा पाजावे.

मुळात आईचे दूध जठरातून वरच्या दुधापेक्षा लवकर पुढे सरकते. म्हणून ते तोडल्याने तक्रार वाढण्याचाच संभव अधिक. आपल्या देशात १९९२ साली कायदा होऊन अर्भकांच्या दूधपावडरीची व दूध पाजण्याच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास मनाई झाली, ती आईच्या दुधाचे हे मोल ओळखूनच. बाळंतिणीच्या ताटावरही उगाच निर्बंध घालू नयेत. क्वचित एखाद्या मुलास गाईच्या दुधातील प्रथिने सोसत नाहीत; शौचात रक्त किंवा अंगावर चट्टे दिसतात. तेव्हा डॉक्टर आईलाच दोन ते चार आठवडे दुधाचे पदार्थ वर्ज्य करावयास सांगतात. पाजणे मात्र चालूच ठेवावयाचे असते.

मुरुडशेंग, वेखंड, जायफळ उगाळून केलेली बाळगुटी आपल्याकडे प्रेमाने दिली जाते. परंतु पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये हेच हिताचे. मधाचे बोट तर वर्ष पुरे होईपर्यंत चाटवू नये. त्यातील जंतूंमुळे तान्ह्या मुलास घातक विषबाधा होऊ शकते. आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी दूध वर येणे थांबत नाही. तेव्हा ती मनाने देऊ नयेत.

निजवण्याविषयी एक सूचना. दूध श्वासनलिकेत जाईल या भीतीने मुलास पालथे किंवा उशीवर निजवतात. ते धोक्याचे आहे. सपाट, घट्ट अंथरुणावर उताणेच निजवावे. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडण्याची भीती असते, म्हणून झोपेसाठी झोळी वापरू नये.

सहा महिने पुरे झाल्यावर वरचे अन्न सुरू करावे. सुश्रुतसंहितेतही सहाव्या महिन्यात हलके अन्न देण्यास सांगितले आहे. त्यासाठी आपल्या जिल्ह्यात उत्तम धान्य पिकते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ भागांत जिला नागली म्हणतात, तीच नाचणी. ती भिजवून, मोड आणून, वाळवून दळावी, आणि वस्त्रगाळ पिठाची खीर चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट शिजवावी. दाट अन्न वर येण्याचे प्रमाण कमी असते. मऊ मुगाची खिचडी, कुस्करलेले केळे हेही सोसते. टोमॅटोचे सार, आंबट फळांचे रस यांनी त्रास वाढतो असे दिसल्यास ते काही काळ थांबवावेत. नाशिकच्या द्राक्षांचा मोह आवरत नसेल, तर बिया काढून उभे बारीक काप करूनच द्यावेत. अख्खे द्राक्ष पाच वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते.

आता धोक्याच्या खुणा. वांती हिरवी असणे किंवा तीत रक्त दिसणे, पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक पाजण्यानंतर जोराने दूर उडणारी वांती होणे, वजन न वाढणे, लघवी कमी होणे, पोट फुगणे, पिताना मूल कळवळून पाठ ताणणे व दूध नाकारणे, श्वास लागणे, ज्वर येणे, टाळू फुगणे किंवा मूल मलूल पडणे. यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. हिरवी वांती, रक्त, श्वास किंवा मलूलपणा असेल तर त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. ही तक्रार सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू झाली किंवा वर्ष उलटूनही टिकली, तरीही तपासणी अवश्य करून घ्यावी.

या खुणा नसतील, तर घरच्यांनी आईला दोष देणे सोडून तिच्या हातातले मूल ढेकर काढण्यासाठी आपल्या खांद्यावर घ्यावे, आणि एक जादा दुपटे जवळ ठेवावे. बाकीचे काम काळच करतो.